सात आठवडे झाले, आईचा खोकला थांबत नाही

पहारेकरी – पहाटे २:४०

पलीकडच्या खोलीत आई खोकतेय. आत्ताची ढास पावणेदोनला सुरू झाली, मधे दहा मिनिटं थांबली, पुन्हा तेच. पाठीवरून हात फिरवून झाला, कोमट पाणी देऊन झालं, उशा रचून झाल्या. शेवटी तिनेच "जा, झोप तू" म्हणून मला बाहेर काढलंय.

आई ६४ वर्षांची. स्तनाचा कॅन्सर, सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन. गेल्या वर्षी मणक्यात, बरगड्यांत आणि फुफ्फुसात पसरल्याचं कळलं. तीन महिन्यांपासून एक्सेमेस्टेन आणि एव्हरोलिमस अशा दोन गोळ्या चालू आहेत, कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल. खोकला सात आठवड्यांपूर्वी लागला. कोरडा. आधी दिवसातून चार-दोनदा यायचा, आता बोलायला तोंड उघडलं की ठसका. ताप नाही, रक्त नाही. मागच्या भेटीत डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "फुफ्फुसात आजार आहे, खोकला असणारच." एक्स-रे काढला, त्यात नवीन काही नाही म्हणे. सिरप लिहून दिलं, दोन बाटल्या संपल्या, ढिम्म फरक नाही.

"असणारच" म्हणजे आता हे असंच चालायचं का? कुणाला काही उपाय लागू पडला असेल तर सांगा. आणि दुसरं, जे विचारायला मलाच अवघड वाटतंय. खोकताना ती डावी बरगडी दाबून धरते. आणि काल खोकता खोकता कपडे ओले झाले म्हणून रडली. यातलं डॉक्टरांना काही सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातलीय.

चटकन – पहाटे ३:०५

काळजी घ्या. वाफ द्या दिवसातून तीनदा. आणि ते कोडीनवालं सिरप असतं ना, आमच्याकडे वडिलांचं उरलेलं होतं, मी माझ्या खोकल्याला दोन चमचे घेतलं. रात्रभर गाढ झोप. तेच देऊन बघा.

जुनी_वही – सकाळी ६:२०

पहारेकरी, आधी वरच्या सल्ल्याबद्दल बोलते, कारण पहाटे तीनला माणूस काहीही करून बघतो. ते सिरप आईंना देऊ नका. कोडीन आणि ट्रामाडॉल एकाच घराण्यातली. एक त्या घेतातच, वरून दुसरं ओतलं तर गुंगी येते, पोट साफ होत नाही, आणि प्रमाण चुकलं तर श्वास मंदावतो. शिवाय कोडीनचं शरीरात गेल्यावर मॉर्फिन व्हावं लागतं तेव्हा ते काम करतं. काहींच्या यकृतात ते जवळजवळ होतच नाही, काहींच्यात भराभर होतं. एकाला गाढ झोप लागली म्हणून दुसऱ्याला तेवढंच सोसेल, असा हिशेब इथे चालत नाही. वाफेचं म्हणाल तर थकलेल्या माणसासमोर उकळत्या पाण्याचं भांडं ठेवू नका, भाजतं. आणि कोरड्या ढासेला त्याने फारसं काही होतही नाही.

आता मुख्य गोष्ट. मी तुमच्या आईपेक्षा चार वर्षांनी मोठी, तेव्हा जरा अधिकाराने बोलते. "खोकला असणारच" हे वाक्य मीही ऐकलंय. माझ्या यजमानांना फुफ्फुसाचा कॅन्सर होता, डाव्या बाजूला, वरच्या भागात. साडेतीन वर्षं चाललं. त्या काळात मी एक वही ठेवली होती. आता ती उलटून बघते तर तिच्यात एक खोकला नाही, पाच आहेत. प्रत्येक वेळी घरातले म्हणायचे, "तोच परत आला." प्रत्येक वेळी कारण निराळं निघालं.

पहिला गाठीचा. ती श्वासनळीच्या फांदीला खेटून होती. केमो-रेडिएशन सुरू झाल्यावर महिन्याभरात तो आपसूक उतरला. तोवर तीन सिरपं झाली होती, तिघांपैकी कुणाचंच त्यात कर्तृत्व नाही.

दुसऱ्याने आम्हाला घाबरवलं. रेडिएशन संपून दोन महिने झाले होते, इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधाची, सलाईनं चालू होती. कोरडी ढास लागली. आम्ही म्हटलं, सर्दी असेल. आठवड्याने जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा मी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काढलं. बसून ९६. घरातल्या घरात पाच-सहा मिनिटं चालवलं तर ८८. बसलेल्याच माणसाचा आकडा बघितला असता तर मी निर्धास्त राहिले असते. एक्स-रे जवळजवळ नीट होता, सीटीत मात्र फुफ्फुसावर धुकं उतरल्यासारखा झाकोळ. रेडिएशनने फुफ्फुसाला सूज येते ती साधारण पुढच्या एक ते सहा महिन्यांत, आणि इम्युनोथेरपीनेही अशीच येते. आमच्यात नेमकी कशाने, ते कुणालाच छातीठोक सांगता आलं नाही. सलाईन थांबवलं, स्टिरॉइड दिलं, ते कित्येक आठवडे हळूहळू उतरवत नेलं. (बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड एकदम सोडायचं नसतं. आमच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या दम्यात तसं केलं होतं, पण ती वेगळी कथा.)

हे इतकं लांबण लावून सांगितलं, कारण तुमचं लिहिलेलं वाचताना माझं बोट "एव्हरोलिमस"वर थांबलं. ती गोळी फुफ्फुसाला अशी सूज आणू शकते, हे तिच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. सुरुवात पुष्कळदा कोरड्या खोकल्याने होते. गोळी तीन महिन्यांपासून, खोकला सात आठवड्यांपासून. मी डॉक्टर नाही आणि इथे बसून निदान होत नाही. पण आज सकाळीच फोन करा आणि सरळ विचारा: हा खोकला गोळीमुळे असू शकेल का, सीटी करायला हवा का? गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि पुढच्या तारखेची वाटही बघू नका.

तिसरा खोकला अगदीच फालतू निघाला आणि त्यानेच सगळ्यांत जास्त रडवलं. स्टिरॉइडवर रक्तदाब वाढला म्हणून रामिप्रिल सुरू केलं. तीन आठवड्यांनी घशात गुदगुल्या आणि कोरडी ढास. झालं, सूज परत आली म्हणून घरात सुतक. पुन्हा सीटी, तो स्वच्छ. मग एका शिकाऊ डॉक्टर मुलीने औषधांची सगळी पाकिटं टेबलावर मांडायला लावली आणि रामिप्रिलवर बोट ठेवलं. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, या "प्रिल" मंडळींनी काही जणांना खोकला लागतोच. त्याऐवजी टेल्मिसार्टन दिलं. खोकला दुसऱ्या दिवशी नाही गेला, पाच आठवडे घेतले त्याने. पण गेला. आई बीपीची गोळी घेत असतील तर नाव बघा.

चौथा पाण्याचा. वर्षभराने. या वेळी वहीत एक वेगळी नोंद होती: उजव्या कुशीवर वळले की ढास, डाव्या कुशीवर शांत. फुफ्फुसाच्या आवरणात डाव्या बाजूला पाणी भरलं होतं. पाठीतून सुई घालून सव्वा लिटर काढलं. काढताना खोकला थांबायच्या ऐवजी इतका उसळला की मी दाराबाहेर उभी राहून थरथरत होते. दाबलेलं फुफ्फुस उघडताना तसं होतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पाणी पुन्हा भरलं तेव्हा बारीक नळी बसवून दिली, घरीच बाटलीत काढता येईल अशी.

पाचवा जेवणाच्या ताटावर कळला. पाणी प्यायलं की ठसका, आणि आवाज बसलेला, फाटका. स्वरयंत्राच्या डाव्या बाजूची नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून वर येते. तिथल्या गाठींनी ती दाबली गेली होती आणि डावा स्वरतंतू हलेनासा झाला होता. म्हणजे पाणी थोडंथोडं श्वासनळीत जात होतं. गिळण्याच्या तज्ज्ञ बाईंनी हनुवटी छातीकडे झुकवून, लहान घोट घेऊन प्यायला शिकवलं. पातळ पदार्थ थोडे दाट केले. त्याने निम्मा खोकला गेला. औषध शून्य.

आणि शेवटचे तीन महिने. तेव्हा शोधून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, खरोखर आजाराचाच खोकला होता. तेव्हासुद्धा "असणारच" हे उत्तर नव्हतं. वेदनाशमनाच्या डॉक्टरांनी अगदी कमी मात्रेचं मॉर्फिन सुरू केलं, खोकल्यासाठी म्हणून. मॉर्फिन म्हटल्यावर माझे दीर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. पण हे सलग चार-पाच तास झोपायला लागले. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध, ते विसरू नका.

तेव्हा खोकल्याची वही करा. कधी येतो, कोणत्या कुशीवर, खाताना की बोलताना, कफ सुटतो का आणि कसल्या रंगाचा, आवाज बदललाय का, चालल्यावर ऑक्सिजन किती. चार दिवसांची नोंद पुरे. डॉक्टरांकडे दहा मिनिटं असतात, त्यात "खूप खोकला आहे" एवढंच सांगितलं तर सिरपच मिळणार.

शपथेचं. बरगडी सांगायलाच हवी. कॅन्सर बरगड्यांत आहे, आणि नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडते. कपड्यांचं आई तोंडाने सांगणार नाहीत, मीही सांगितलं नसतं. कागदावर दोन ओळी लिहा आणि टेबलावरून सरकवा. शपथ बोलण्याची होती ना.

आणि काही झालं तर सकाळपर्यंत थांबू नका: ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, बसल्या जागी धाप, खोकल्यातून पुसटशा रेषेपेक्षा जास्त रक्त, छातीत अचानक कळ, किंवा एकच पाय सुजणं. शेवटच्या दोन्हींत रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेल्याची शंका घेतात.

चटकन – सकाळी ८:१०

माफ करा, ट्रामाडॉल चालू आहे हे मी नीट वाचलंच नव्हतं. बाटली फेकून देतो.

श्वासाची_मास्तरीण – सकाळी ९:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, छातीच्या पेशंट्सबरोबर काम करते. कारण शोधायचं काकूंनी सांगितलंच आहे, ते आधी. ते होईपर्यंत रात्र काढायला एक गोष्ट शिकवते.

कोरड्या खोकल्यात एक दुष्टचक्र असतं. खोकल्याने घसा सोलवटतो, सोलवटलेला घसा आणखी खोकला मागतो. ते मधेच तोडायचं. उबळ येतेय असं वाटताच, ढास लागायच्या आधी, तोंड मिटायचं, आवंढा गिळायचा किंवा पाण्याचा एक घोट घ्यायचा. मग नाकाने हळू, अगदी उथळ श्वास आणि ओठांचा चंबू करून हलकेच बाहेर. खांदे सैल. खोल श्वास घ्यायचा नाही, तो उबळीला आमंत्रण देतो. पहिल्या दिवशी दहांतली एक उबळ टळेल, तरी चालेल. दिवसा ढास नसताना सराव केला तरच रात्री आठवतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या छातीरोग तज्ज्ञांच्या संस्थेने, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सने, फुफ्फुसाच्या कॅन्सरमधल्या खोकल्यासाठी पायरीपायरीच्या शिफारशी दिल्या, त्यांत हे व्यायाम आहेत. मग घशाला लेप देणारी साधी सिरपं, मग ओपिऑइड, म्हणजे कोडीन-मॉर्फिनच्या घराण्यातली औषधं, मग लेव्होड्रोप्रोपिझिनसारखी त्या घराण्याबाहेरची खोकल्याची औषधं, मग घशाला भूल देणारं औषध नेब्युलायझरच्या वाफाऱ्यातून, असं वर चढत जातं. पुरावा फार भक्कम नाही हे त्यांनीच कबूल केलंय, म्हणून एक चाललं नाही तर दुसरं मागायला संकोच करू नये.

भुलीच्या वाफाऱ्याची वेळ आलीच तर नंतर साधारण तासभर खाणं-पिणं बंद. घसा बधिर असतो, घास चुकीच्या वाटेने जातो.

कफाचा खोकला असेल तर मात्र हे सगळं उलटं. तो दाबायचा नाही, काढायचा. आरशावर वाफ धरायला आपण "हाऽऽ" करतो, तसा जोरदार उच्छ्वास दोनदा, मग एकच खोकला. दहा वेळा खाकरून जे होत नाही ते यात होतं आणि दमही कमी लागतो. आईंच्या पाठीवर थापट्या मारू नका, हाडांत आजार आहे. खोकताना घट्ट उशी बरगडीशी कवटाळून धरायला सांगा. आणि खोकायच्या क्षणाआधी ओटीपोटाखालचे स्नायू आवळून धरले तर कपड्यांचा त्रास कमी होतो. हे माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना सांगावं लागतं. एकही आपणहून विचारत नाही.

अर्धा_दम – दुपारी १:१५

मी स्वतः पेशंट आहे, तेव्हा खोकणाऱ्याच्या बाजूने थोडं. वेदना असली की घरचे जवळ येतात, खोकल्याला लोक तोंड फिरवतात. बसमध्ये शेजारची जागा रिकामी होते. मी एकदा ओरडून सांगितलं, "कॅन्सर आहे हो, लागत नाही!" त्यावर ते अजूनच सरकले.

मला थंड हवा, अत्तराचे वास, फोनवर लांब बोलणं आणि हसणं, एवढ्यांनी ढास लागते. फोन बंद केला, लिहून बोलतो. हसणं बंद करता आलं नाही. रात्री डोक्याकडची बाजू उंच केली, नुसती उशी नाही, कमरेपासून वर, कारण माझ्यात पित्त वर येण्याचाही वाटा होता. जेवण झोपेच्या तीन तास आधी. झोपताना चमचाभर मध. शेवटी डॉक्टरांनी गॅबापेंटिन, एरवी नसांच्या दुखण्यावर देतात ते औषध, कमी मात्रेत सुरू केलं. पहिला आठवडा भिंती धरून चाललो, मग सवय झाली. खोकला गेलेला नाही. पण आता मी त्याला घेऊन फिरतो, पूर्वी तो मला घेऊन फिरायचा.

आईंना एक सांगा, पहारेकरी. खोकताना कुणी "हळू, हळू" म्हटलं की डोकं फिरतं. नका म्हणू.

पहारेकरी – त्याच दिवशी, रात्री ११:५०

सगळ्यांचे आभार. मी "हळू, हळू" म्हणायचो.

फोन केला. नर्सने गोळीचं नाव ऐकून थांबायला सांगितलं आणि पाच मिनिटांत स्वतः डॉक्टर फोनवर आले. उद्या सीटी. चालवून बघितलं: बसून ९५, चालल्यावर ९१. बीपीची गोळी अम्लोडिपिन आहे, ती त्या "प्रिल" मंडळींतली नाही.

जुनी_वही – रात्री ११:५८

अम्लोडिपिनने खोकला लागत नाही, ते खातं बंद. ९१ हा आकडा उद्या सांगा. रात्रीत धाप वाढली किंवा बसल्या बसल्याच आकडा उतरायला लागला तर मात्र उद्याची वाट नाही बघायची, इस्पितळ गाठा.

पहारेकरी – नऊ दिवसांनी, पहाटे ४:१०

उशिरा लिहितोय. सीटीत दोन्ही फुफ्फुसांत खालच्या बाजूला तो झाकोळ निघाला, तुम्ही म्हणालात तसाच. जंतुसंसर्ग नाही हे बघून झालं. एव्हरोलिमस थांबवलंय, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू आहे. पुढे तीच गोळी कमी मात्रेत द्यायची की दुसरं काही, ते महिन्याने ठरवणार. तोवर कॅन्सरचं काय, ही धास्ती आहेच, खोटं कशाला बोलू. सातव्या बरगडीला बारीक फट आहे. उशीवाली युक्ती चालते.

खोकला निम्म्यावर आलाय. गेलेला नाही.

कागदाचं सांगायचं राहिलं. मी चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती, ती आईला सापडली. मला वाटलं आता बोलणं बंद. तिने वाचली, पेन मागितलं, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "हसले तरी होतं." डॉक्टरांच्या टेबलावर तिनेच सरकवली.

आता एक नवीनच. आज खोकला नाही, तरी आई टक्क जागी बसलीय, कपाट आवरतेय. स्टिरॉइडची गोळी आम्ही संध्याकाळी सहाला देतो, त्याचा काही संबंध असेल का?

जुनी_वही – पहाटे ४:३०

आहे. आमच्याकडे यांनी रात्री दोनला पंखा पुसायला काढला होता. डॉक्टरांना विचारून गोळी सकाळच्या न्याहारीनंतर द्या. आणि साखर तपासत राहा, ती यात वाढते.

कपाट आवरू देत त्यांना.